प्रौढांना शालान्त प्रमाणपत्र आधी की पायाभूत कौशल्ये?

मूळ मांडणी : अक्षरनिष्ठ

ज्यांची शाळा मध्येच सुटली अशा प्रौढांसाठी जगभर साधारणपणे दोन प्रकारचे वर्ग चालतात. एका प्रकारात वाचन, लेखन, हिशेब आणि अलीकडे संगणकाचा प्राथमिक वापर अशी पायाभूत कौशल्ये शिकवली जातात. दुसऱ्यात शालान्त प्रमाणपत्राच्या समकक्ष परीक्षेची तयारी करून घेतली जाते. कागदोपत्री पहिल्या वर्गातून दुसऱ्यात जाण्याची सोय असते. प्रत्यक्षात मात्र निधी, शिक्षक आणि अधिकाऱ्यांचे लक्ष दुसऱ्याकडेच वळते, कारण किती जण उत्तीर्ण झाले हे एका आकड्यात सांगता येते. किती जण आता औषधाच्या वेष्टनावरील सूचना स्वतः वाचून समजून घेऊ शकतात, हे तसे सांगता येत नाही.

माझे म्हणणे असे आहे की केवळ परीक्षेची तयारी करून घेणारा कार्यक्रम प्रौढ विद्यार्थ्याची फसवणूक करतो, आणि सार्वजनिक पैसा आधी पायाभूत कौशल्यांच्या दीर्घ वर्गांवर खर्च झाला पाहिजे. अमेरिकेतील जीईडी ही या प्रकारातील सर्वांत जुनी व सर्वांत अभ्यासली गेलेली परीक्षा. ती १९४२ मध्ये, शाळा पूर्ण न करता सैन्यात गेलेल्यांना परतल्यावर शिक्षण किंवा नोकरी मिळावी म्हणून तयार करण्यात आली आणि पुढे नागरिकांसाठी खुली झाली. १९९३ मध्ये स्टीफन कॅमेरॉन आणि जेम्स हेकमन या अर्थतज्ज्ञांनी ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पुरुषांच्या कमाईची तुलना इतरांशी केली, तेव्हा हे लोक शाळा पूर्ण केलेल्यांच्या जवळ नव्हे, तर शाळा सोडून दिलेल्यांच्या जवळ आढळले. फरक पडत होता तो प्रत्यक्ष शाळेत काढलेल्या वर्षांमुळे.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. थोड्या आठवड्यांच्या तयारीने जुनी माहिती पुन्हा आठवते, पण सलग पानभर मजकूर वाचून त्यातील म्हणणे पकडण्याची सवय तेवढ्या काळात लागत नाही. ही सवय नसलेला माणूस प्रमाणपत्राच्या आधारे पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतो, पहिल्याच सत्रात मागे पडतो आणि दुसऱ्यांदा शिक्षण सोडतो. पहिल्या वेळी त्याला परिस्थितीने बाहेर काढले होते. दुसऱ्या वेळी दोष आपलाच आहे असे तो मानतो, आणि हे नुकसान भरून काढणे फार कठीण असते.

प्रतिसाद : खुलाद्वार

आपल्या मांडणीतील तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही. आपण कॅमेरॉन आणि हेकमन यांचा अभ्यास सांगितला, परंतु २००० मध्ये टायलर, मर्नेन आणि विलेट यांनी केलेला अभ्यास सांगितला नाही. त्यांनी एका चांगल्या योगायोगाचा उपयोग केला. वेगवेगळ्या राज्यांत त्या परीक्षेची उत्तीर्णतेची मर्यादा वेगवेगळी होती, त्यामुळे सारखेच गुण मिळवणारी दोन माणसे एका राज्यात उत्तीर्ण तर दुसऱ्यात अनुत्तीर्ण ठरत होती. ज्ञान सारखेच असूनही कमी गुणांच्या पट्ट्यातील गौरवर्णीय तरुणांना केवळ प्रमाणपत्रामुळे १० ते १९ टक्के अधिक कमाई होत असल्याचे त्यांना दिसले. म्हणजे ज्याला आपण निव्वळ कागद म्हणता, त्या कागदाला बाजारात किंमत आहे, आणि ती नेमकी काठावरच्या माणसासाठी आहे.

प्रश्न न्यायाचाही आहे. नोकरीच्या जाहिरातीत किमान पात्रता लिहिलेली असते, आणि ती नसलेल्या माणसाचा अर्ज त्याचे कौशल्य पाहण्याआधीच बाजूला पडतो. अशा माणसाला दोन-तीन वर्षे पायाभूत वर्गात बसण्याचा सल्ला देणे सोपे आहे. त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो. घर चालवणाऱ्या माणसाचा वेळ त्याच्या एकट्याचा नसतो, आणि तो कशासाठी वापरायचा हे ठरवण्याचा अधिकार कार्यक्रम आखणाऱ्यांपेक्षा त्याला अधिक आहे. शालेय वयात काठावर उत्तीर्ण झालेल्या मुलाला कोणी विचारत नाही की तुला पानभर मजकूर समजतो का. मग हीच अट वयाने मोठ्या, अधिक कष्ट सोसून आलेल्या विद्यार्थ्यालाच का?

प्रतिसाद : सायंवर्ग

मी बरीच वर्षे संध्याकाळच्या वर्गात प्रौढांना गणित शिकवत आलो आहे, आणि वरील दोन्ही मतांत वर्गाची खोली कुठेच दिसत नाही असे मला वाटते.

आमच्याकडे येणारा विद्यार्थी कोरा नसतो. मजुरीची वाटणी तो तोंडी, अचूक आणि माझ्यापेक्षा वेगाने करतो. त्यालाच फळ्यावर १/२ + १/३ लिहून दिले की तो वरचे आकडे एकत्र मिळवतो, खालचे एकत्र मिळवतो आणि २/५ असे उत्तर लिहितो. ते उत्तर अर्ध्यापेक्षाही लहान आहे हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण फळ्यावरचे गणित आणि हातातले पैसे यांचा काही संबंध असेल असे शाळेने त्याला कधी जाणवूच दिलेले नसते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा एक छोटा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. विक्री करताना त्या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर येत. तेच हिशेब नुसत्या आकडेमोडीच्या रूपात समोर ठेवल्यावर बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. माझ्या वर्गातील चाळिशीच्या विद्यार्थ्यांमध्ये मी हेच रोज पाहतो.

म्हणून अपूर्णांक शिकवताना मी अर्ध्या आणि पाव हिश्शाच्या तोंडी हिशेबापासून सुरुवात करतो आणि लेखी पद्धत त्यानंतर आणतो. याला वेळ लागतो. अक्षरनिष्ठ यांचे त्या बाबतीत बरोबर आहे. परंतु हा वेळ विद्यार्थी देतात ते समोर परीक्षा दिसत असते म्हणून. ज्या वर्गाच्या शेवटी काहीच हाती येणार नाही, त्या वर्गाची हजेरी पहिल्या महिन्यातच उतरते.

गळतीचे खरे कारण मात्र अभ्यासक्रमात कमी आणि वर्गाबाहेर जास्त असते. कामाची पाळी बदलते, घरात कोणी आजारी पडते, लहान मुलाला सांभाळायला कोणी नसते. तीन आठवडे न आलेला विद्यार्थी परत येतो तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, आणि तो शेवटच्या बाकावर बसून गप्पपणे ठरवतो की हे आपल्याला जमणार नाही. वर्गाच्या वेळेत मुलांना सांभाळण्याची सोय, चुकलेला धडा पुन्हा मिळण्याची सोय आणि पूर्ण वेतनावरील शिक्षक या तीन गोष्टींवर आपण दोघेही बोलला नाहीत. तात्पुरत्या मानधनावरचा शिक्षक स्वतःच वर्षभरात निघून जातो. विद्यार्थ्याने टिकून राहावे अशी अपेक्षा मग कोणत्या तोंडाने करायची?

प्रतिसाद : अक्षरनिष्ठ

खुलाद्वार, आपण सांगितलेल्या अभ्यासाचा उरलेला अर्धा भागही सांगायला हवा. त्याच अभ्यासात गौरवर्णीय नसलेल्या तरुणांच्या कमाईवर त्या प्रमाणपत्राचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. म्हणजे ज्यांच्यासमोर बाजारात आधीच अधिक अडथळे होते, त्यांच्या बाबतीत नुसत्या कागदाची किंमत सिद्ध होऊ शकली नाही. काठावरच्या माणसासाठी असलेली वाट सर्वांसाठी सारखी खुली नसेल, तर धोरण त्या वाटेवर उभे करता येणार नाही.

सायंवर्ग यांचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो, फक्त एका ठिकाणी माझे मत वेगळे आहे. परीक्षा समोर असल्याखेरीज माणसे येत नाहीत असे नाही. १९५७ मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यातील जॉन्स बेटावर कृष्णवर्णीय प्रौढांसाठी पहिली नागरिकत्व शाळा सुरू झाली. सेप्टिमा क्लार्क यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या शाळेच्या पहिल्या शिक्षिका बर्निस रॉबिन्सन या व्यवसायाने केशरचनाकार होत्या. आपल्याला काय शिकायचे आहे, हे त्यांनी विद्यार्थ्यांनाच विचारले. मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी लागणारे वाचन, स्वतःची सही, टपालाने वस्तू मागवण्याचा अर्ज आणि मनीऑर्डर भरणे, हा त्यांचा अभ्यासक्रम ठरला. त्या वर्गाच्या शेवटी कोणतेही शालान्त प्रमाणपत्र नव्हते, तरीही ती कल्पना पुढे दक्षिणेतील अनेक राज्यांत पसरली. शिकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी उपयोगी पडत असेल, तर प्रौढ माणूस दिवसभराच्या श्रमानंतरही वर्गाला येतो.

प्रतिसाद : नोंदवही

त्या शाळेच्या शेवटीही एक कागद होताच, मतदार नोंदणीचा! मनुष्य हातात काहीतरी पडावे म्हणूनच येतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मला तिसरी वाट सुचवायची आहे. पोर्तुगालमध्ये २००५च्या अखेरीस सुरू झालेल्या कार्यक्रमात, प्रौढांनी कामात आणि जगण्यात मिळवलेल्या ज्ञानाची पद्धतशीर नोंद करून, ते तपासून, त्यांना नववी किंवा बारावीच्या समकक्ष प्रमाणपत्र मिळवण्याची सोय करण्यात आली. वीस वर्षे यंत्रे दुरुस्त करणाऱ्या माणसाला मापन, प्रमाण आणि आकृतीवाचन येत असेल, तर ते त्याला नव्याने शिकवण्याचे सोंग करणे हा त्याच्या आयुष्याचा अपमान आहे. आधी जे येते त्याची मान्यता द्यावी आणि उरलेल्याच भागाचे वर्ग घ्यावेत.

प्रतिसाद : सायंवर्ग

कल्पना उत्तम आहे, पण त्याच कार्यक्रमावर पुढे जी टीका झाली तीही लक्षात घ्यावी लागेल. मान्यता भराभर दिली गेली आणि नवे शिक्षण फारसे झाले नाही, असा आक्षेप तेथे घेतला गेला. आपण म्हणता तो ‘उरलेला भाग’ शिकवण्यासाठी वर्ग आणि शिक्षक लागतात, आणि खर्च वाचवायचा असला की कात्री नेमकी तेथेच लागते.

माझ्या मते अधिक आश्वासक प्रयोग वॉशिंग्टन राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांचा आहे. तेथे व्यवसायाचा शिक्षक आणि पायाभूत कौशल्यांचा शिक्षक एकाच वर्गात एकत्र शिकवतात. रुग्णसेवेचा अभ्यासक्रम चालू असतानाच औषधाच्या मात्रेचे गुणोत्तर शिकवले जाते, नोंदी लिहिताना वाक्यरचना शिकवली जाते. ‘आधी’ आणि ‘नंतर’ हा आपला सगळा वाद त्या वर्गात उरत नाही. दोन शिक्षकांमुळे खर्च वाढतो हे खरे, परंतु अशा विद्यार्थ्यांचे व्यावसायिक प्रमाणपत्र मिळवण्याचे प्रमाण इतरांपेक्षा चांगले आढळले आहे.

प्रतिसाद : खुलाद्वार

दोन शिक्षकांचा वर्ग सर्वत्र उभा राहीपर्यंत आज दारात उभ्या असलेल्या माणसाला काय सांगायचे? मला वाटते, परीक्षा ठेवावी, पण तिचा जाच कमी करावा. विषयवार परीक्षा, अनुत्तीर्ण विषयापुरती पुनर्परीक्षा आणि भरपूर मुदत, एवढे केले तरी मोठा फरक पडतो. भारतातील राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्या काळात विद्यार्थी आपल्या सोयीने एकेक विषय पूर्ण करू शकतो. ही रचना कामकरी माणसाच्या आयुष्याचा विचार करणारी आहे, आणि तिच्यात पायाभूत वर्ग जोडायला कोणाचीच हरकत नसावी.

प्रतिसाद : अक्षरनिष्ठ

विषयवार परीक्षेला माझा पाठिंबा आहे. माझी एकच अट आहे की प्रमाणपत्राबरोबर वाचन, लेखन आणि गणित यांतील प्रत्यक्ष पातळी नोंदवलेली असावी. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या प्रौढ कौशल्य सर्वेक्षणात १६ ते ६५ वयाच्या लोकांची प्रत्यक्ष चाचणी घेतली जाते, आणि शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्यांपैकीही काही जण वाचनाच्या सर्वांत खालच्या पातळ्यांवर असल्याचे त्यात दिसते. उत्तीर्ण हा एकच शब्द ही गोष्ट झाकून टाकतो.

प्रतिसाद : खुलाद्वार

ती नोंद प्रमाणपत्रावर आली, तर नोकरी देणारा सर्वांत आधी तीच वाचेल. शालेय वयात उत्तीर्ण झालेल्या कोणाच्याही प्रमाणपत्रावर अशी नोंद नसते. याला मी कदापि संमती देणार नाही.

प्रतिसाद : अक्षरनिष्ठ

मग ती नोंद स्वतंत्र कागदावर, केवळ विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, आणि ती दाखवणाऱ्याला पुढील पायाभूत वर्गात विनाशुल्क प्रवेश मिळावा. कोणाला दाखवायची हे त्यानेच ठरवावे.

प्रतिसाद : खुलाद्वार

या स्वरूपात मला मान्य आहे. विनाशुल्क प्रवेशाबरोबर सायंवर्ग यांनी सांगितलेली मुलांना सांभाळण्याची सोयही त्यात लिहावी.