निःस्वार्थ असं खरंच काही असतं का?

सावली

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी टाकतेच. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, साडेपाच वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि त्यातली शेवटची तीन वर्षं डिमेन्शियामुळे ती कोणालाच ओळखत नव्हती, आईला तर "अहो बाई" म्हणून हाक मारायची. सगळं आईनेच केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, त्यासाठी मोबाईलला अलार्म लावलेले असायचे, पाठीवर कुठे लाल दिसतंय का ते टॉर्च धरून बघायची कारण एकदा कातडी गेली की ती जखम लवकर भरतच नाही. नखं कापताना आजी हात ओढून घ्यायची, मग आई एका वेळी दोनच नखं कापायची, बाकीची उद्या.

आजी गेल्यावर एकदा मावसभाऊ आलेला. त्याचं वाचन बरंच आहे. बोलता बोलता म्हणाला की मावशीने केलं ते शेवटी स्वतःसाठीच, केलं नसतं तर मनाला टोचणी लागली असती, केलं म्हणून समाधान मिळालं, म्हणजे स्वार्थच की, निःस्वार्थ असं जगात कोणी नसतंच. आई तिथेच बसलेली होती, काही न बोलता उठून आत गेली. मला त्या वेळी काही सुचलं नाही, नुसता राग आला, पण राग आला म्हणजे त्याचं चुकलं असं होत नाही ना. तर मनापासून विचारतेय, त्याचं बरोबर आहे का?

कोरापान

तुझ्या आईबद्दल आदरच आहे, हे आधी सांगतो. बोलायची वेळ चुकली भावाची, पण मुद्दा जुना आहे आणि वजनदार आहे. थॉमस हॉब्ज, 17 व्या शतकातला इंग्लिश तत्त्वज्ञ, त्याची एक गोष्ट सांगतात. त्याने रस्त्यात एका म्हाताऱ्या आजारी भिकाऱ्याला पैसे दिले, सोबतच्या धर्मगुरूने विचारलं की धर्माची आज्ञा नसती तरी दिले असतेस का, तर हा म्हणाला हो, कारण त्याची दैना बघून मला त्रास होत होता, त्याला दिल्याने माझाही त्रास कमी झाला. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं. दुसऱ्याचं दुःख बघून आपल्या आत काहीतरी दुखतं आणि ते थांबवायला आपण धावतो.

शिवाय उत्क्रांतीचं बघ. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने 1964 मध्ये गणितानेच दाखवलं की नातेवाईकांसाठी झीज सोसणारी वृत्ती कशी टिकते, कारण त्यांच्यात आपलीच जनुकं असतात. 1971 मध्ये ट्रिव्हर्स या दुसऱ्या जीवशास्त्रज्ञाने परक्यांचं दाखवलं, आज मी तुला उद्या तू मला. मग शुद्ध निःस्वार्थ उरलं कुठे?

पाणवठा

कोरापान, तुमचा दुसरा मुद्दा आधी घेतो कारण तिथे गल्लत होतेय असं मला वाटतं. एखादी वृत्ती माणसात का टिकली हा एक प्रश्न आणि त्या क्षणी माणसाला काय हवं असतं हा वेगळा प्रश्न. भूक टिकली कारण शरीराला ऊर्जा लागते, पण जेवायला बसलेला माणूस ऊर्जेसाठी जेवतो का, त्याला समोरचं ताट हवं असतं. तसंच माया कुठून आली याचं उत्तर जनुकांत असेलही, पण म्हणून माया करणारा मनात जनुकांचा हिशोब करत नसतो. आणि इथे तर सासू आहे, रक्ताचं नातंच नाही, आणि परतफेड करणार कोण, जिला नावही आठवत नाही ती?

आता समाधानाचं. जोसेफ बटलर नावाच्या धर्मोपदेशकाने 1726 मध्येच हॉब्जला उत्तर दिलंय आणि मला ते अजून कोणी खोडलेलं दिसत नाही. समाधान कधी मिळतं? आपल्याला जे हवं होतं ते झालं की. म्हणजे काहीतरी हवं असणं हे आधी आणि समाधान नंतर. आजीला शांत झोप लागलेली बघून बरं वाटायचं असेल तर ती शांत झोपावी असं आधी मनापासून वाटायला लागतं, ज्याला तिचं काही पडलेलंच नाही त्याला ती झोपली काय आणि न झोपली काय. समाधान हा पुरावाच आहे की काळजी खरी होती, आणि आपण नेमका तोच पुरावा उलटा फिरवून आरोप करतो.

इच्छा माझी असते, हे खरंच, दुसऱ्या कोणाची असणार? पण इच्छा माझी असणं वेगळं आणि माझ्यासाठी असणं वेगळं. स्वार्थ दुसऱ्यात आहे, पहिल्यात नाही.

अजून एक. आजारी सासूचे दागिने परस्पर विकणारा पण स्वार्थी आणि रात्री दोनला उठून तिची कूस बदलणारी पण स्वार्थी, असं म्हटलं तर त्या शब्दाला काही अर्थच राहिला नाही. मग या दोघांतला फरक सांगायला नवीन शब्द शोधावा लागेल, आणि तो शोधला की गाडी परत तिथेच.

रानवाट

पाणवठा +१. पण नुसता तर्क नको, कोणी तपासलंय का असं कोणी विचारेल म्हणून सांगते. डॅनिएल बॅट्सन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 1981 मध्ये एक प्रयोग छापला, तो मला फार आवडतो. कोरापान म्हणतात तसं आपण स्वतःचा त्रास थांबवायलाच मदत करत असू, तर त्रास थांबवायचा त्याहून सोपा मार्ग आहे, तोंड फिरवून निघून जायचं. मग असा मार्ग मोकळा ठेवून बघू, किती जण जातात.

विद्यार्थिनींना टीव्हीवर इलेन नावाची मुलगी दाखवली, तिला विजेचे हलके झटके बसतायत आणि सहन होत नाहीयेत (खरं तर ते आधीच केलेलं रेकॉर्डिंग होतं, झटके खोटे). मग विचारलं, तिच्या जागी तुम्ही बसाल का? काहींना सांगितलेलं की दोन फेऱ्या बघितल्या की तुम्ही सुटलात, काहींना शेवटपर्यंत बघावं लागणार होतं. आणि अर्ध्या जणींना इलेन आपल्यासारख्याच विचारांची आहे असं भासवलेलं, म्हणजे तिच्याबद्दल आपलेपणा वाटावा. निघून जाता येत असताना आपलेपणा न वाटणाऱ्या 11 पैकी फक्त 2 जणी तयार झाल्या, आणि आपलेपणा वाटणाऱ्या 11 पैकी 10. दार उघडं होतं, तरी गेल्या नाहीत.

गट लहान होते हे मान्य, आणि चियाल्दिनी वगैरे मानसशास्त्रज्ञांनी पुढे हरकती घेतल्या, की आपलेपणा वाटतो तेव्हा समोरचा आणि मी यातली रेषच पुसट होते, म्हणजे ती मदत स्वतःलाच झाली. मला हे पटत नाही कारण झटका बसणार तो कोणाच्या हाताला हे त्या मुलींना पक्कं माहीत होतं.

आणि लहान मुलांचं बघा, जेमतेम दीड वर्षाची मुलं, अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडली आणि त्याचा हात पोचत नसेल तर स्वतःहून उचलून देतात, वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं. नंतर त्यांना असंही दिसलं की मदतीबद्दल बक्षीस देत गेलं तर बक्षीस थांबल्यावर ती मुलं बक्षीस न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करतात. फायद्यासाठीच करत असती तर सुरुवातच का केली असती?

घरचंच

मी वडिलांचं चार वर्षं केलंय म्हणून फक्त एवढंच लिहितो. ज्या समाधानाबद्दल वर चाललंय ते मला तरी तेव्हा मिळालं नाही. चादर बदलून पाच मिनिटं होत नाहीत तोवर परत ओली, की डोकं फिरायचं, एकदोनदा ओरडलोय त्यांच्यावर आणि मग बाहेर जाऊन उभा राहिलोय. पाठ धरलेली, झोप नाही, मित्र सुटले. कोणाला यात स्वतःचं सुख दिसत असेल तर त्यांनी एक आठवडा करून बघावं. आणि निःस्वार्थ म्हणजे चिडचिड न होणं, हसतमुख वगैरे, असंही कोणी समजू नये. चिडूनही माणूस दुसऱ्यासाठीच करत असतो.

कोरापान

घरचंच, वाचून गप्प झालो जरा. समाधानाचा मुद्दा मी सोडतो, बटलरचं उत्तर खरंच पक्कं आहे. पण टोचणीचं अजून उरतंच. न करता मी स्वतःला तोंड दाखवू शकलो नसतो, ही भीती पण मोठी असते आणि ती स्वतःबद्दलचीच असते. सावली, तुझ्या आईला रानवाट म्हणतात तसं उघडं दार होतं का? नसेल तर आपल्याला कसं कळणार?

सावली

सगळ्यांचे आभार, दोनतीनदा वाचलं सगळं.

दार होतं. आत्याने दोनदा सांगितलं होतं की एक चांगलं केंद्र आहे, चोवीस तास नर्स असतात, खर्च मी करते, वहिनी तू खूप केलंस आता. बाबाही तयार होते. कोणी नावं ठेवली नसती, उलट सगळे तेच म्हणत होते. आत्याची स्वतःची आई ती, तिनेच सुचवल्यावर टोचणी तरी कसली?

आई दुसऱ्या वेळी ते केंद्र बघून पण आली. स्वच्छ होतं म्हणाली, माणसं चांगली होती. आणि मग नको म्हणाली. मी विचारलं होतं का नको, तेव्हा तिने सांगितलेलं ते मला काल हे सगळं वाचताना आठवलं. ती म्हणाली, ते लोक कूस वेळेवर बदलतील, पण त्यांना डाव्या कुशीवर झोप लागत नाही, तोंड भिंतीकडे झालं की घाबरतात, हे तिथे कोण सांगणार, त्यांना तर सांगता येत नाही.