मदत हवी आहे: जर्मनीतला महिन्याचा रेल्वे पास सगळ्या गाड्यांना चालतो का? तातडीने सांगा

अमळनेरची_आई
मुलगी जर्मनीत शिकते. मी आणि हे, दोघं तिच्याकडे जाणार आहोत. तिथे महिन्याचा एकच पास काढला की सगळ्या देशात कितीही फिरा, असं माझी नणंद म्हणते. तिच्या शेजारणीचा मुलगा म्हणतो, तसं नाही, तो पास फक्त लोकलचा असतो. मुलीची परीक्षा चालू आहे, तिला सारखं विचारवत नाही. विमानाचं तिकीट उद्या काढायचं आहे. पास घ्यावा की नाही, एवढंच सांगा.

भुसावळ_यार्ड
ताई, पास म्हणजे पासच. मी कित्येक वर्षं चाळीसगाव-जळगाव पासवर केलं आहे. पासधारकाने आरक्षित डब्यात चढायचं नाही, हा नियम कुठेही सारखाच असणार. सुपरफास्टचा अधिभार वेगळा भरावा लागतो, तेही तिथे विचारून घ्या.

पाचोऱ्याचा_पोऱ्या
यार्डभाऊ, त्या जर्मनीबद्दल विचारताहेत. आपल्या पासाला दीडशे किलोमीटरची मर्यादा असते, जळगावहून नाशिकरोडचाही निघत नाही. तिथलं गणित वेगळं असणार.
ताई, कोणतं गाव? किती दिवस? वय काय?

भुसावळ_यार्ड
मर्यादा मला माहीत आहे. नियम पाळायची सवय लागावी म्हणून सांगितलं.

नंदुरबार_ते_लाइपत्सिग
मी तिकडेच राहतो, हा पास रोज वापरतो. नणंदबाई आणि शेजारणीचा मुलगा, दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

पासाचं नाव डॉइचलांड-टिकेट. मे 2023 मध्ये 49 युरोला सुरू झाला, 2025 मध्ये 58 झाला, जानेवारी 2026 पासून 63 युरो आहे. अख्ख्या देशात चालतो, अंतराची मर्यादा नाही. पण चालतो फक्त प्रादेशिक गाड्यांना: आरई, आरबी, एस-बान. शिवाय गावातली ट्राम, मेट्रो, बस. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाही. फ्लिक्सट्रेनलाही नाही. त्यात बसलात आणि तपासनीस आला तर पास दाखवून सुटका नाही.

आता तारीख सांगा. कोणत्या तारखेला पोचता आणि कधी निघता? सगळं त्यावर आहे.

अमळनेरची_आई
मॅग्डेबर्ग. फ्रँकफर्टला उतरायचं. 25 सप्टेंबरला पोचायचं आणि 20 ऑक्टोबरला परत, असं ठरलं आहे. म्हणजे महिनाही पुरा होत नाही, एकच पास लागेल ना? वयाचा काय संबंध?

नंदुरबार_ते_लाइपत्सिग
ताई, इथेच सगळे फसतात. आपला पास ज्या तारखेला काढला तिथून महिनाभर चालतो. हा तसा नाही. हा कॅलेंडरच्या महिन्याचा आहे, 1 तारखेपासून अखेरपर्यंत. 25 सप्टेंबरला आलात तर सप्टेंबरचा वेगळा, ऑक्टोबरचा वेगळा. दोघांचे चार पास, 252 युरो. काही ठिकाणी मधूनच घेतला तर उरलेल्या दिवसांपुरते पैसे घेतात, पण त्या भरवशावर राहू नका.

दुसरं, हा पास म्हणजे दर महिन्याला आपोआप पुढे चालणारी वर्गणी आहे. ऑक्टोबरअखेर बंद व्हायला हवा असेल तर 10 ऑक्टोबरच्या आत रद्द करायचा. विसरलात तर नोव्हेंबरचे पैसे मुलीच्या खात्यातून जाणारच.

रावेर_केळी
ताई, केळी न्या. युरोपात फळं-भाज्या नेल्या तर वनस्पती-आरोग्याचा दाखला मागतात, पण केळी, नारळ, खजूर, अननस यांना लागत नाही. दूध-तुपाचं आणि मांसाचं काहीही मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. पेढे तर अजिबात नको. मुलीला खान्देशी शेव, कळण्याचं पीठ, उडदाचे पापड न्या.

पाचोऱ्याचा_पोऱ्या
पासाचं चाललं आहे हो अप्पा.

रावेर_केळी
पास तिथे गेल्यावर मिळेल. सामान इथून भरायचं असतं.

शिरपूरकर
मला विचाराल तर पासाच्या नादी लागूच नका. दोन माणसं, मोठ्या बॅगा, नवा देश. फ्रँकफर्टहून आयसीईचं सवलतीचं तिकीट लवकर काढा, सरळ मॅग्डेबर्गला जा. माझ्या साडूने तसंच केलं. आणि शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा आरोग्य विमा लागतो, तो काढला का?

अमळनेरची_आई
विमा झाला आहे. मी विम्याचं विचारलंच नाही. मला फ्रँकफर्ट ते मॅग्डेबर्ग पासवर जाता येईल का ते सांगा. बॅगा चार आहेत.

नंदुरबार_ते_लाइपत्सिग
येईल. फ्रँकफर्ट ते कासेल एक गाडी, कासेल ते हाले दुसरी, हाले ते मॅग्डेबर्ग तिसरी. विमानतळावरून मुख्य स्टेशनला एस-बान वेगळी. सगळं जुळलं तर दिवस त्यातच जाईल.

पण पहिल्या दिवशी हे करू नका, इथे शिरपूरकरांचं बरोबर आहे. रात्रभराचा विमानप्रवास, चार बॅगा, आणि फलाट बदलायला कधीकधी सात-आठ मिनिटं. लिफ्ट एक, तिच्यापुढे सायकली आणि बाबागाड्यांची रांग. गाडी थांबली तरी दार आपोआप उघडत नाही, दाराचं बटण दाबावं लागतं. हे माहीत नसलेली माणसं आत उभी राहतात आणि गाडी पुढे निघते. शिवाय काही गाड्या अर्ध्या वाटेत दोन भागांत फुटतात, पुढचे डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे. फलाटावरच्या पाटीवर आणि डब्यावर कुठला भाग कुठे जातो ते लिहिलेलं असतं, चढण्याआधी वाचायचं. आणि पासवाल्याची जोडगाडी चुकली तर जलद गाडीत तसंच बसता येत नाही, पुढच्या प्रादेशिक गाडीची वाट बघावी लागते.

भुसावळ_यार्ड
हे आपल्याकडेही होतं. मागचे डबे तोडायचे आणि लोक भलत्याच डब्यात बसलेले असायचे. चढायच्या आधी पाटी वाचा, हे मी पहिल्यापासून सांगतो आहे.

पाचोऱ्याचा_पोऱ्या
पहिल्यापासून तुम्ही सुपरफास्टचा अधिभार सांगत होतात.

धुळे_चाळीसगाव_शटल
विषय निघालाच आहे तर, ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, त्यावर कोणी बोलेल का? पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने मुलाकडे पुण्याला जायचं कसं? परदेशात 63 युरोत देश फिरवतात.

शिरपूरकर
63 युरो म्हणजे रुपयांत किती होतात ते बघा. आपल्याकडे साध्या डब्यात त्याहून कितीतरी स्वस्तात कन्याकुमारी गाठता येते.

धुळे_चाळीसगाव_शटल
साठीच्या माणसाने तिथवर उभं राहून जायचं का?

खान्देशकन्या
दोघांनी वेगळा धागा काढा, मी तिथे येते. मलाही बोलायचं आहे.

ताई, मी मॅग्डेबर्गलाच शिकले. मुलीला वेगळा पास घ्यायला लावू नका. बऱ्याच विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच पास येतो, पासाच्या किमतीच्या 60 टक्क्यांत. आधी तिला एवढंच विचारा. पास नावावर असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही, म्हणून तुम्हा दोघांचे दोन, आणि पासपोर्ट सोबत ठेवायचा. पैसे मुलीच्या खात्यातून भरता येतात.

सप्टेंबरचे दिवस सोडवायला एक मार्ग आहे. झाक्सन-आनहाल्ट-टिकेट नावाचं एका दिवसाचं तिकीट मिळतं, एकावर पाच जणांपर्यंत. सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतर, दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत. मॅग्डेबर्गच्या राज्यात चालतंच, शेजारच्या झाक्सन आणि थ्युरिंगनमध्येही चालतं. म्हणजे लाइपत्सिग, ड्रेस्डेन, वायमार. घरी बसायच्या दिवशी एक पैसा नाही. मग 1 ऑक्टोबरपासून दोन पास, 126 युरो, 20 तारखेपर्यंत खुशाल फिरा.

नंदुरबार_ते_लाइपत्सिग
हे उत्तम. मॅग्डेबर्ग ते बर्लिन थेट आरई आहे, पावणेदोन तासांच्या आसपास. हॅम्बुर्गला श्टेंडाल आणि युल्त्सेनवरून जाता येतं. पासवर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंतही जाता येतं, पण तिथवर एका दिवसात जायचा हट्ट नको, मध्ये न्युर्नबेर्गला मुक्काम करा. 3 ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, गाड्या भरलेल्या असतात आणि प्रादेशिक गाडीत जागा राखता येत नाही. त्या दिवशी लांब जाऊ नका.
डीबी नॅव्हिगेटर अॅपमध्ये फक्त या पासवर चालणाऱ्या गाड्या दाखवायची सोय आहे. ती चालू करूनच शोधा.

अमळनेरची_आई
मुलीशी बोलले. तिचा पास फीमध्येच आहे. तिचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होतात, म्हणून तिनेच सप्टेंबर सांगितला होता. तारीख तीच ठेवतो. पहिल्या दिवशी आयसीई, सप्टेंबरात दिवसाचं तिकीट, ऑक्टोबरात दोन पास. रद्द करायची आठवण यांच्या मोबाइलमध्ये 5 तारखेची लावली. सगळ्यांचे आभार, रावेरच्या अप्पांचेही. एक राहिलं: यांचे गुडघे दुखतात, त्या आरई गाडीला पायऱ्या असतात का?

खान्देशकन्या
बर्लिनच्या गाडीत डबे दुमजली असतात. वर चढू नका, खालच्या मजल्यावर बसा. दारात पायरी नसल्यासारखीच असते. लिफ्ट बंद असेल तर तेही अॅपमध्ये स्टेशनच्या माहितीत कळतं, घरून निघताना बघून घ्या.