खडू-फळ्याच्या गणिताला एवढी विमानं कशाला?

तिरकी रेषा
जर्मनीत ओबरवोल्फाखच्या संस्थेत आठवडाभराची कार्यशाळा करून आलो. गणितवाल्यांची पंढरीच ती. मुंबई-फ्रँकफर्ट जाऊन-येऊन १३ हजार किलोमीटर. इकॉनॉमीच्या एका सीटमागे ढोबळमानाने एक टन कार्बन डायऑक्साइड. सरासरी भारतीयाचं अख्ख्या वर्षाचं उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे. म्हणजे एका माणसाच्या सहा महिन्यांचा धूर मी आठवड्यात सोडला, आणि बोललो किती? चाळीस मिनिटं. त्यातली पाच फळा पुसण्यात गेली.

रसायनवाल्यांना प्रयोगशाळा चालवावी लागते. आपल्याला लागतं काय, तर खडू, फळा आणि चहा. त्यामुळे आपला धूर जवळजवळ सगळा विमानाचाच. २०२२ ची जागतिक गणित परिषद सेंट पीटर्सबर्गला व्हायची होती, युक्रेन युद्धामुळे ऑनलाइन झाली. गणित थांबलं का?

पाटी-पेन्सिल
स्वतः जेवून ढेकर दिला, आता दुसऱ्याला उपासाचं माहात्म्य! आणि २०२२ चं सांगायचं तर पुरतं सांगा. फील्ड्स पदकं, म्हणजे गणितातला सगळ्यात मोठा मान, द्यायला मंडळी हेलसिंकीत जमलीच होती.

मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. ओबरवोल्फाखला एकदाच गेले. तिथे जेवायला हवं तिथे बसता येत नाही. नॅपकिनच्या पाकिटांवर नावं असतात आणि ती दर वेळी नव्याने मिसळून मांडतात. दुसऱ्या दिवशी माझं पाकीट ज्यांच्या शेजारी आलं, त्यांच्याच संशोधनाच्या पेपरात मी दीड वर्ष अडकले होते. सूप गार होईपर्यंत त्यांनी सांगितलं, की चौथ्या लेमात, म्हणजे प्रमेयाआधीच्या साहाय्यक विधानात, एक अट धरून चाललोय, लिहायची राहिली. हेच विचारणाऱ्या माझ्या दोन ईमेलना उत्तर आलं नव्हतं.

आणि ऑनलाइन म्हणजे काय, तर कॅलिफोर्नियात दुपारचे तीन, आमच्याकडे पहाटेचे साडेतीन.

बोगीतला बिंदू
जर्मनी राहू द्या. पुणे-बंगळूर तरी रेल्वेने जा की! उद्यान एक्स्प्रेसला वीसएक तास लागतात. मी जातो. वरच्या बर्थवर संशोधनाचा एक अख्खा पेपर वाचून होतो, सोलापूरच्या आत नाही म्हणा.

समांतर
ग्रोथेंडीकचं, विसाव्या शतकातल्या त्या थोर गणितज्ञाचं, नाव अजून कसं निघालं नाही? लष्कराचा पैसा येतो म्हणून १९७० मध्ये त्याने पॅरिसजवळची आपली संस्था सोडली, त्याच वर्षी पर्यावरणासाठी संघटना काढली, आणि १९७२ मध्ये सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन विचारलं की विज्ञानातलं संशोधन चालू तरी ठेवायचं का. आपण अजून सीट इकॉनॉमी की बिझनेस यातच आहोत.

गंमत अशी, की बैजिक भूमितीतली, म्हणजे समीकरणांतून आकार अभ्यासणाऱ्या शाखेतली, त्याची प्रसिद्ध अनुमानं (सिद्ध व्हायची बाकी असलेली विधानं) छापली गेली ती कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने १९६८ मध्ये मुंबईत भरवलेल्या परिषदेच्या ग्रंथात. असल्या परिषदा नसत्या तर कुलाब्यात बैजिक भूमिती रुजली असती?

तिरकी रेषा
कुलाब्याचंच घ्या. तिथले गणितज्ञ नरसिंहन आणि शेषाद्री १९५७ च्या सुमारास पॅरिसला गेले, तीन वर्षं राहिले, परत आले. व्हेक्टर बंडल या भूमितीतल्या रचनेवरचं त्यांचं प्रमेय १९६५ चं, इथे मुंबईत घडलेलं. जा, पण एकदाच जा आणि मुक्काम ठोका. वर्षातून पाच वेळा पाच दिवसांसाठी उडायचं, आणि सीव्हीवर पाच ओळी वाढवायच्या, याला माझा विरोध आहे. पाटी-पेन्सिलताईंच्या सूपाला नाही.

पाटी-पेन्सिल
मुक्काम ठोका म्हणे! आठवड्याची ड्यूटी लीव्ह काढताना मला तीन सह्या लागल्या आणि परीक्षेच्या सुपरव्हिजनला बदली माणूस मी स्वतः शोधला. घरी सातवीतला मुलगा. तीन महिने परदेशी राहणं ज्याला जमतं त्याला पाच वेळा उडणंही जमतं, सर. आमच्यासारखीला ते पाच दिवसच असतात.

तिरकी रेषा
हे मान्य. मग कपात माझ्यासारख्यांच्या वाट्याची. पुढच्या वर्षी दोन बोलावणी आहेत, एकाला नाही कळवतो.

पाटी-पेन्सिल
नुसतं नाही कळवून काय होणार? ती खुर्ची तिथलाच कोणीतरी भरणार. नाही कळवताना त्याच ईमेलमध्ये माझ्या विद्यार्थिनीचं नाव सुचवा. बायोडेटा आज रात्री पाठवते.