ताणलेली ४ मिमी वायर रात्रीतून तुटते, लॅबचा रिपोर्ट मात्र पास

पांझराकाठ, धुळे
राम राम मंडळी. विजेच्या पीएससी (प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे आधी ताणलेल्या वायरीभोवती काँक्रीट ओतून केलेल्या) पोलच्या बेडवर, म्हणजे ओतायच्या जागी, ४ मिमी प्लेन वायर आहे, आयएस १७८५ प्रमाणे किमान १७१५ न्यूटन प्रति चौरस मिमीची. ताण त्याच्या ७० टक्के, म्हणजे एका वायरीला साधारण १५ किलोन्यूटन. संध्याकाळी ताणतो, काँक्रीट सकाळी. रात्रीतून दोन-तीन वायरी तुटतात. जॅकचं गेज तपासलंय. त्याच कॉइलचे तुकडे लॅबमध्ये १७६० ला तुटले. पावसाच्या झडीत कॉइलवर गंज चढला होता, तो पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने काढला. खोट वायरवाल्याची की आमची?

तापीखोरे, भुसावळ
भाऊ, उत्तर तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. तरी आधी तुटलेलं टोक भिंगाखाली धरा. ग्रिपच्या दातांशी तुटली असेल तर वेजेस (वायर पकडणाऱ्या पाचरी) झिजलेत, विषय संपला. मधेच तुटली आणि टोक बारीक होऊन कपासारखं झालं असेल तर ताण जास्त पडला. पण टोक बारीक झालेलंच नाही, कडेला एक काळा खड्डा, तिथून आडवी भेग आणि पुढे पायऱ्या पडल्यासारखी उभी चीर, असं असेल तर हायड्रोजन.

अ‍ॅसिड लोखंडाशी लागलं की हायड्रोजन अणुरूपात सुटतो. बराचसा बुडबुडे होऊन जातो, थोडा पोलादात शिरतो. ताण असेल तिथे, म्हणजे खड्ड्याच्या बुडाशी, तो हळूहळू गोळा होतो. त्याला वेळ लागतो म्हणून वायर ताणताना तुटत नाही, रात्री तुटते. लॅबचा रिपोर्ट पास येतो तो याचमुळे: मशीन मिनिटा-दोन मिनिटांत ओढून मोकळी, तेवढ्यात हायड्रोजन सरकतच नाही. त्या १७६० वर विसंबू नका.

आणि रात्री बेडच्या टोकाशी, वायरीच्या रेषेत कुणी झोपत-बसत असेल तर आजच उठवा. आडोशाला जाळी लावा.

पांझराकाठ, धुळे
टोक तुम्ही म्हणता तसंच आहे, पायऱ्या-पायऱ्यांचं. मग वायर भट्टीत २०० अंशांवर तापवून हायड्रोजन काढता येईल का? बोल्टचं तसं करतात ना.

गिरणाथडी, जळगाव
प्लेटिंग केलेल्या बोल्टचं करतात, तेही प्लेटिंगनंतर लगेच. इथे करू नका. हायड्रोजन निघेलही, पण पडलेली भेग बुजत नाही. शिवाय ओढलेल्या वायरीचे गुण तापवल्याने बदलतात, मग सर्टिफिकेटला अर्थ उरत नाही. खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हालाही भट्टी समजू नका. अ‍ॅसिड लागलेली कॉइल सरळ बाद करा, कुंपणाला वापरा.

वायरवाल्याशी बोलायच्या आधी फरक बघा. कॉइलच्या आतल्या पदरातले अ‍ॅसिड न लागलेले तीन तुकडे आणि लागलेले तीन, दोन्ही ८० टक्के ताणावर दोन दिवस ठेवा. फक्त अ‍ॅसिडवालेच तुटले तर वायरवाल्याला फोन करू नका. दोन्ही तुटले तर अमोनियम थायोसायनेटची चाचणी मागा: २०० ग्रॅम थायोसायनेट ८०० ग्रॅम पाण्यात, ५० अंश, ८० टक्के ताण, किती तासांनी तुटते ते मोजायचं.

पुढे गंज आलाच तर कोरड्या कापडाने पुसा. पुसून गेला आणि खाली खड्डे नाहीत तर वायर चालते. नखाला खड्डा लागला तर नाही. कॉइल फळीवर, शेडच्या आत, आणि खताच्या गोण्यांपासून लांब. नायट्रेटही ताणलेल्या पोलादाला भेगा पाडतं.

तापीखोरे, भुसावळ
एक राहिलं. लवकर सेट व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालत असाल तर बंद करा. घनमीटरमधल्या ४०० किलो सिमेंटला १ टक्का म्हणजे ४ किलो, त्यात क्लोराइड अडीच किलो. आयएस ४५६ मध्ये प्रीस्ट्रेसला मर्यादा घनमीटरला ०.४ किलो आहे. बोअरच्या पाण्याला सगळे नावं ठेवतात, पण लिटरला ५०० मिग्रॅ क्लोराइडचं पाणी १६० लिटर घातलं तरी ८० ग्रॅमच होतं.

या कॉइलचे पोल आधी ओतले असतील तर तो लॉट बाजूला काढा. काँक्रीटच्या अल्कलीत नवा हायड्रोजन सहसा तयार होत नाही, पण आतली भेग तशीच असते. आयएस २९०५ प्रमाणे नमुने आडव्या भाराने मोडून बघा आणि मोडलेल्या जागी वायरीची टोकं परत भिंगाखाली धरा.