जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकावे का?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी कापसाचा हिशेब आणि मुलीचा अभ्यास ज्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतो, त्यातील विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नवा घेणे यंदा जमणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी संगणकप्रणाली चालेल का?

प्रतिसाद : चालेल. मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. मात्र आधी ती पेनड्राइव्हवरूनच सुरू करून वायफाय व प्रिंटर तपासावा, कारण ‘इन्स्टॉल’ न दाबल्यास डिस्कवरील काहीही पुसले जात नाही.

दुसरा प्रतिसाद : भाऊ, कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधील पत्रे आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्यावीत. तो फॉन्ट नसल्याने लिब्रेऑफिस या लिनक्सवरील लेखनाच्या प्रोग्राममध्ये माझ्या बचतगटाचा अख्खा ठराव इंग्रजी अक्षरांची भेळ होऊन उघडला होता.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. रात्री वीज टिकली, तर पेनड्राइव्ह लावून पाहतो.