प्रतिसाद: यान यांगचू आणि हजार चिन्हं

वर कुणीतरी लिहिलंय की चीनमध्ये साक्षरतेची चळवळ चालवणाऱ्या यान यांगचूंनी चिनी लिपी सोपी केली. तसं नाही. लिपीला त्यांनी हातही लावला नाही. रोजच्या वापरातली साधारण हजार चिन्हं निवडून निरक्षरांना आधी तेवढीच शिकवायची, एवढंच. कल्पना सुचली 1918 मध्ये फ्रान्समध्ये, चिनी मजुरांची पत्रं लिहून देताना.

या हजार चिन्हांचं 1923 चं पाठ्यपुस्तक ताओ शिंगजी आणि झू जिंगनोंग यांनी तयार केलं: चार भाग, प्रत्येकी 24 धडे, म्हणजे 96. रोज एक धडा, साधारण तासाभराचा. चार महिन्यांत काम फत्ते.

खरी गोम पुढे. वाचायला काहीच नसेल तर शिकलेलं विसरायला वेळ लागत नाही, म्हणून शेतकऱ्यांसाठी याच चिन्हांतलं साप्ताहिक काढावं लागलं. शिवाय सुगीत वर्ग ओस. शेतीची कामं आटोपली की हिवाळ्यातच माणसं फिरकणार.

1926 पासून यान यांगचूंच्या चळवळीने उत्तर चीनमधल्या दिंगशियान तालुक्यात साक्षरतेला शेती, आरोग्य आणि नागरिकत्वाची जोड दिली. माझ्या मते यातलं आरोग्याचं काम सगळ्यात भक्कम: गावातल्याच माणसाला थोडं शिकवून देवीची लस टोचणं आणि जन्ममृत्यूची नोंद त्याच्याकडे. 1937 च्या जपानी आक्रमणाने दिंगशियानमधलं काम मोडलं.