ग्रीनलंडचा स्लेज कुत्रा: न जुंपता जात टिकेल?

हिमकर
आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि पूर्वेकडे सगळीकडे स्लेज (बर्फावर घसरणारी गाडी) ओढणारी फक्त हीच जात पाळायची, असा कायदा आहे. एकदा बाहेर नेलेला कुत्रा परत आणता येत नाही. तरी संख्या सुमारे ३०,००० वरून निम्म्यावर आलीच. रक्त राखलं, काम गेलं. स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटारगाडी आली, समुद्रावरचा बर्फही पातळ झाला. माझं मत सरळ आहे: जात वाचवायची तर जुंपा. डॉग शोमध्ये कान-शेपटी बघतात. पातळ बर्फापुढे अडून बसणारी अक्कल कुठल्या शोमध्ये बघणार?

मुक्ता
आणि उन्हाळ्यात? काम नाही, म्हणून महिनोन्‌महिने खडकावर साखळीला. परंपरा म्हटलं की साखळी दिसेनाशी होते का? बैलगाडा शर्यतबंदीच्या वेळीही 'शर्यत गेली की खिल्लार संपला' हेच ऐकवत होते.

हिमकर
ते अगदीच खोटं होतं असं वाटत नाही मला. साखळीचं मान्य, नियम कडक करा. पण न जुंपलेला कुत्रा फ्लॅटमधल्या हस्कीसारखा दारं कुरतडत बसेल.

दर्यावर्दी
कॅनडाचंही बघा. १९५०-६० च्या दशकांत तिथल्या आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांना, इनुइटांना, वस्त्यांत आणलं, आणि मोकळे कुत्रे धोकादायक म्हणत पोलिसांनी गोळ्या घातल्या. सरकारनं २०१९ मध्ये किकिक्तानी (बॅफिन बेटाच्या भागातल्या) इनुइटांची माफी मागितली, २०२४ मध्ये उत्तर क्विबेकमधल्या नुनाविकच्या इनुइटांची. बाहेरच्यांनी ठरवलेलं 'हित' असं असतं.

मुक्ता
गोळ्या घालणारे आणि साखळीबद्दल विचारणारी मी, एकाच माळेत? कमाल आहे. शिवाय दहा-बारा कुत्र्यांना वर्षभर सील नि मासे घालायचे कुणी? स्नोमोबाइल उन्हाळ्यात जेवायला मागत नाही. शिकाऱ्यानं कुत्रे विकले तर त्याला दोष देणार का?

हिमकर
त्याला नाही. म्हणून तर कुत्रे जुंपून शिकारीला जाणाऱ्याला त्यांच्या खाण्याचे पैसे द्यावेत म्हणतो. ग्रीनलंडमध्ये प्रत्येक कुत्र्याला वेगळा दोर असतो, पंख्यासारखा पसरलेला; एक पाण्यात गेला तरी बाकीचे वाचतात. धावताना ते जागा बदलतात, दोरांची वेणी पडते, आणि ती गोठलेली वेणी मुक्कामाला हातानं सोडवावी लागते. बापाशेजारी बसूनच पोरगं ते शिकतं.

मुक्ता
द्या पैसे. पण उन्हाळ्यातल्या पाण्याचा आणि साखळीच्या लांबीचा हिशेब आधी मागा.